सिकॉर्स्की हेलिकॉप्टरे : प्रायोगिक व न बांधलेल्या संकल्पना

अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील स्ट्रॅटफर्ड येथील सिकॉर्स्की एअरक्राफ्ट या कंपनीचे कागदावरच राहिलेले किंवा एक-दोन नमुन्यांपलीकडे न गेलेले हेलिकॉप्टरांचे आराखडे. ही कंपनी आपल्या प्रत्येक रचनेला ‘एस’ हे अक्षर आणि एक क्रमांक देते. त्या क्रमवारीत एस-५८, एस-६१, एस-७० (ब्लॅक हॉक) अशी जगभर उडालेली हेलिकॉप्टरे आहेत, तशीच एस-५७ आणि एस-६६ ही एकही यंत्र न बनलेली नावेही आहेत. वरवर पाहता हा फसलेल्या कल्पनांचा ढिगारा वाटतो. जवळून पाहिले, तर यातील बहुतेक आराखडे एकाच अडचणीशी झुंजताना दिसतात : हेलिकॉप्टर सरळ वर उठते, हवेत स्थिर राहते, पण वेगाने पुढे जाऊ म्हटले की अडते.

ही अडचण इंजिनाच्या ताकदीची नाही. रोटरची पाती फिरत असताना एका बाजूचे पाते हेलिकॉप्टरच्या जाण्याच्या दिशेने पुढे येत असते आणि दुसऱ्या बाजूचे मागे जात असते. पात्याच्या टोकाचा फिरण्याचा वेग ताशी ७५० किमी. आणि हेलिकॉप्टरचा ताशी ३०० किमी. धरला, तर पुढे येणाऱ्या टोकाला हवा ताशी १,०५० किमी. वेगाने भिडते आणि मागे जाणाऱ्याला फक्त ४५० किमी. वेगाने. उत्थापक बल, म्हणजे पात्याला वर उचलणारे बल, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे दोन्ही पात्यांचा कोन सारखा ठेवला, तर त्यांच्या टोकांवरील बलांत पाचपटींहून अधिक तफावत पडेल. शिवाय मागे जाणाऱ्या पात्याच्या बुडाकडील सुमारे चाळीस टक्के भागावर हवा उलट्या बाजूने, म्हणजे पात्याच्या मागच्या कडेकडून येते. तोल राखण्यासाठी त्या पात्याचा कोन वाढवत न्यावा लागतो. एका मर्यादेनंतर त्यावरचा हवेचा प्रवाह तुटतो आणि उत्थापन कोसळते. तिकडे पुढे येणारे टोक ध्वनीच्या वेगाजवळ पोहोचून खडखडू लागते. या दोन भिंतींच्या मधल्या चिंचोळ्या वाटेत नेहमीचे हेलिकॉप्टर अडकलेले असते.

संस्थापक ईगॉर सिकॉर्स्की (१८८९–१९७२) यांचा पहिला प्रयत्नही न उडालेलाच. १९०९ मध्ये कीव्ह येथे त्यांनी एकाच आसावर एकमेकांच्या विरुद्ध फिरणारे दोन रोटर आणि २५ अश्वशक्तीचे अँझानी इंजिन बसवून एक यंत्र केले. ते जमिनीवरून उठले नाही. १९१० चे दुसरे यंत्र स्वतःचे वजन कसेबसे उचलत असे, वैमानिकाचे नाही. त्यानंतर ते विमानांकडे वळले. अमेरिकेत त्यांनी १९३१ मध्ये अर्ज करून १९३५ मध्ये मिळवलेल्या पेटंटमध्ये वर एक मोठा रोटर आणि शेपटीला एक छोटा, ही आज सर्वपरिचित असलेली मांडणी होती. १४ सप्टेंबर १९३९ रोजी दोरांनी बांधलेल्या व्हीएस-३०० या हेलिकॉप्टरने ती जमिनीवरून उचलून दाखवली. समआस रोटरांची जोडी मात्र बाजूला पडली. ती पुढे परत येते, म्हणून तिचा उल्लेख इथे करून ठेवलेला बरा.

१९५० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी सैन्याने हेलिकॉप्टर आणि विमान यांचा संकर मागवला. बेल कंपनीने रोटर पुढे कलणारे एक्सव्ही-३ केले, मॅकडॉनेलने एक्सव्ही-१ केले, आणि सिकॉर्स्कीने सुचवले एक्सव्ही-२, म्हणजेच एस-५७. तिघांत सर्वांत धाडसी तेच होते. त्याच्या रोटरला पातेच एक होते. दुसऱ्या बाजूला तोल राखणारे वजन. उड्डाण घेतल्यावर पंखांनी भार पेलला, की रोटर थांबवायचा, पाते धडाला समांतर आणायचे आणि वरच्या खोबणीत मिटवून ठेवायचे. त्यानंतर जेट विमानासारखे उडायचे. वेगात रोटरच अडथळा आणत असेल तर त्याला दृष्टीआड करावे, हा विचार तर्काला धरून होता. पण चालत्या वाऱ्यात फिरते पाते हळू करत थांबवणे ही भलतीच नाजूक बाब आहे : फिरण्याचा ताण गेला की पात्याचा ताठपणाही जातो आणि ते झोडपू लागते. नमुना तयार होण्यापूर्वीच प्रकल्प बंद झाला. लपवता येत नसेल तर रोटर निदान आखडावा, असा मधला मार्ग कंपनीने १९७० च्या सुमारास अभ्यासला. दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणे एकात एक सरकणारी पाती स्क्रूच्या साहाय्याने हवेतच छोटी करायची, अशी ती रचना. तिचे वातबोगद्यात (जोराचा वारा सोडून तपासणी करण्याच्या बोगद्यात) नमुने चालले, हेलिकॉप्टर झाले नाही.

एस-६६ ची गोष्ट जरा वेगळी आहे. अमेरिकी सैन्याच्या सशस्त्र हेलिकॉप्टरांच्या स्पर्धेसाठी केलेल्या या आराखड्यात शेपटीचा रोटर ९० अंशांत वळत असे. जमिनीजवळ तो नेहमीचे काम करी, म्हणजे हेलिकॉप्टरला गरगरण्यापासून रोखी; वेगात मागे तोंड करून ढकलणारा पंखा होई. १९६५ मध्ये लॉकहीडच्या शायन या आराखड्याची निवड झाली आणि एस-६६ कागदावरच राहिला. पुढे शायन रखडू लागले, तेव्हा सिकॉर्स्कीने स्वखर्चाने, एस-६१ चेच यांत्रिक भाग वापरून, सडपातळ अंगाचे एस-६७ बांधले. ते २० ऑगस्ट १९७० रोजी प्रथम उडाले आणि त्याच डिसेंबरात त्याने ताशी ३५५.४८५ किमी. चा विश्वविक्रम केला. मागे वळलेली पात्यांची टोके, काढता येणारे छोटे पंख, पंखांवर वेगरोधक पट्ट्या हे सारे त्यात होते. १९७४ मध्ये त्याच्या शेपटीत बंदिस्त पंखाही बसवून पाहण्यात आला. सैन्याने ते घेतले नाही. १ सप्टेंबर १९७४ रोजी इंग्लंडमधील फार्नबरो येथील प्रात्यक्षिकात, कमी उंचीवर कोलांटी घेताना ते कोसळले आणि दोन्ही वैमानिक प्राणांस मुकले. एकच नमुना होता, तोही गेला.

एस-७२ हे विकण्यासाठी नव्हतेच. नासा आणि अमेरिकी सैन्य यांच्यासाठी बांधलेली ती उडती प्रयोगशाळा होती : पंख विमानाचे, बाजूंना दोन जेट इंजिने आणि वर कोणताही रोटर बसवून पाहण्याची सोय. पहिले उड्डाण १२ ऑक्टोबर १९७६. वैमानिकांच्या सुटकेची तिची व्यवस्था ऐकून आजही नवल वाटते. आधी स्फोटकांनी सर्व पाती कापून भिरकावायची आणि मग अग्निबाणाने माणसांना वर खेचून काढायचे. अशी दोन यंत्रे बांधली गेली; त्यांपैकी एकावर १९८० च्या दशकात ‘एक्स-विंग’ उभारण्यात आले. त्याची चार ताठ पाती उड्डाण घेताना फिरणार होती आणि वेगात थांबून इंग्रजी एक्स अक्षरासारखे स्थिर पंख होणार होती. ती थांबली की दोन पात्यांची मागची कड पुढची होते. म्हणून प्रत्येक पात्याच्या दोन्ही कडांना फटी ठेवून त्यांतून दाबलेली हवा सोडायची आणि पाते न पिळता केवळ त्या झोतांनी उत्थापन कमी-जास्त करायचे, असा बेत होता. प्रत्येक फेऱ्यात, प्रत्येक पात्यासाठी, क्षणाक्षणाला झडपा उघडमीट करणारी संगणकप्रणाली त्यासाठी हवी होती. १९८६ मध्ये यंत्र कारखान्याबाहेर आले. डिसेंबर १९८७ मध्ये ते उडाले, पण रोटर न लावता. १९८८ मध्ये काम थांबले. ज्या रोटरसाठी हा सगळा खटाटोप केला, तो हवेत कधी फिरलाच नाही.

या सर्वांत फलदायी ठरली ती १९०९ ची जुनी जोडी. एस-६९ (सैन्याचे नाव एक्सएच-५९ए) मध्ये एकाच आसावर तीन-तीन पात्यांचे दोन ताठ रोटर उलटसुलट फिरत. अशा जोडीत दोन्ही बाजूंना नेहमी एक पाते पुढे येणारे असते. सगळा भार त्यांच्यावर टाकायचा आणि मागे जाणाऱ्या पात्यांना जवळजवळ मोकळे सोडायचे, ही तिची युक्ती. थोडक्यात, रोगावर इलाज न करता रोग्या पात्याला सुट्टी द्यायची. शेपटीचा रोटर लागत नाही, हा वरचा लाभ. मात्र वरची आणि खालची पाती एकमेकांना भिडू नयेत म्हणून ती बिजागरीशिवाय थेट ताठ बसवावी लागतात, आणि मग त्यांचा प्रत्येक हिसका सरळ धडात उतरतो. पहिले उड्डाण २६ जुलै १९७३ रोजी झाले. महिन्याभरातच कमी वेगात पहिल्या नमुन्याला अपघात झाला, आणि दुसरा १९७५ मध्ये उडाला. पुढे बाजूंना दोन जेट इंजिने जोडल्यावर त्याने सरळ उड्डाणात २३८ नॉट (ताशी सुमारे ४४१ किमी.) आणि हलक्या सुरकांडीत २६३ नॉट वेग गाठला. नेहमीच्या हेलिकॉप्टरांना हे स्वप्नच होते. पण चार इंजिने अधाशासारखी इंधन पीत आणि वेगात कंपने असह्य होत. १९८१ मध्ये चाचण्या संपल्या. कंपनीने लगेच सुधारित ‘बी’ आराखडा पुढे केला : दोन टी-७०० इंजिने, नवे रोटर, जेटऐवजी शेपटीला ढकलणारा बंदिस्त पंखा. पैशांचा मेळ बसला नाही आणि तो बांधला गेला नाही.

माझ्या मते न बांधलेल्या सर्व आराखड्यांत हा ‘बी’ सर्वांत महत्त्वाचा. २७ ऑगस्ट २००८ रोजी उडालेले याच कंपनीचे एक्स२ पाहिले, की तोच आराखडा सत्तावीस वर्षांनी धातूत उतरल्यासारखा वाटतो : समआस रोटर, शेपटीला ढकलणारा पंखा. मधल्या काळात रोटरमागचे हवेचे शास्त्र पालटले नव्हते. संगणक पालटले होते. वैमानिकाच्या हाताची हालचाल विजेच्या संकेतांनी रोटरपर्यंत नेणारी नियंत्रणप्रणाली, कंपने मोजून त्यांच्या विरुद्ध कंपने निर्माण करणारी साधने आणि हलकी, ताठ संमिश्र पाती आता उपलब्ध होती. वेग वाढला की रोटरचे फेरे कमी करून पुढे येणाऱ्या टोकांना ध्वनीच्या वेगापासून दूर ठेवले जाई. १५ सप्टेंबर २०१० रोजी एक्स२ ने एकाच इंजिनावर सरळ उड्डाणात २५० नॉट (ताशी ४६३ किमी.) वेग गाठला. ते एकूण २३ वेळाच उडाले. शेवटचे उड्डाण जुलै २०११ मधले.

त्याची मोठी भावंडे वाढली, पण सैन्यात दाखल झाली नाहीत. एस-९७ रेडर मे २०१५ मध्ये उडाले. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याचा पहिला नमुना जमिनीवर आदळून खराब झाला. बोईंगसह बांधलेले एसबी-१ डिफायंट मार्च २०१९ मध्ये उडाले. परंतु डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकी सैन्याने बेलच्या कलत्या रोटरच्या व्ही-२८० ला पसंती दिली. म्हणजे १९५० च्या दशकातील जुन्या स्पर्धकाची कल्पना पुन्हा समोर उभी राहिली आणि या वेळी जिंकली. टेहळणीसाठीचे रेडर एक्स तर जवळजवळ बांधून झाले होते, त्याला नव्या इंजिनाची वाट पाहावी लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सैन्याने तो कार्यक्रमच रद्द केला. बोईंगबरोबरचेच आधीचे कोमँची हे टेहळणी व हल्ल्याचे हेलिकॉप्टर असेच गेले होते : १९९६ मध्ये पहिले उड्डाण, दोन नमुने, जवळपास ७ अब्ज डॉलर खर्च आणि २००४ मध्ये पूर्णविराम.

वेगाशी संबंध नसलेले प्रयोगही झाले. १९५९ चे एस-६० हे मधले धडच काढून टाकलेले उडते यारी यंत्र १९६१ मध्ये कोसळले, पण त्यावरून बेतलेले एस-६४ स्कायक्रेन यशस्वी झाले. १९८४ च्या एस-७५ ने संमिश्र पदार्थांचे धड वापरून पाहिले. सायफर हे कड्याच्या आकाराचे, मधोमध रोटर असलेले मानवरहित यंत्र १९९० च्या दशकात उडाले आणि विस्मृतीत गेले.

यांतील काही यंत्रे आज पाहता येतात. एक एक्सएच-५९ए अलाबामा राज्यात सैन्याच्या विमानविद्या संग्रहालयात आहे. एक्स२ स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे, आणि कोसळलेल्या एस-६० चे अवशेष कनेटिकटमधील न्यू इंग्लंड एअर म्युझियममध्ये आहेत. एस-५७ आणि एस-६६ यांची मात्र रेखाचित्रेच पाहावी लागतात.