दहावीच्या गणिताने उघडलेलं कुलूप

जेलब्रेक केलेल्या, म्हणजे कंपनीची बंधनं तोडलेल्या, सोनीच्या प्लेस्टेशन ३ या गेम कन्सोलवर बाहेरून गेम टाकायचा, तर पीकेजी फाइल (गेमचं पॅकेज) पेन ड्राइव्हवर घ्यायची, तो कन्सोलला लावायचा आणि मेनूतून ‘इन्स्टॉल पॅकेज फाइल्स’ दाबायचं. ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या मांडणीचा लागतो, त्यामुळे ४ जीबीच्या वरची फाइल त्यावर मावतच नाही. तुकडे करत बसावं लागतं.

हीच फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडली की पहिले चार बाइट दिसतात: ७एफ, ५०, ४बी, ४७. शेवटचे तीन अक्षरांत वाचले तर ‘पीकेजी’. थोडं पुढे गेमची ३६ अक्षरी ओळख. मग कूटबद्ध केलेला ऐवज: मेनूत दिसणारं चित्र, नाव-क्रमांकाची छोटी फाइल आणि ‘ईबूट’, म्हणजे प्रत्यक्ष चालणारा प्रोग्रॅम. पीकेजी हा नुसता खोका. अडतं ते ईबूटवरच्या सहीपाशी. ती सोनीची नसेल तर मूळ कन्सोल प्रोग्रॅम चालवत नाही.

ही सही म्हणजे एक समीकरण. त्यात दोन गोष्टी अज्ञात: सोनीची गुप्त किल्ली आणि त्या सहीपुरती, डोळे मिटून उचलावी तशी निवडलेली एक संख्या. एका समीकरणातून दोन अज्ञात सुटत नाहीत. दुसरी सही आणली तर समीकरण वाढतं, पण नवी संख्याही येते. म्हणजे आपण होतो तिथेच.

सोनीने मात्र दर वेळी तीच संख्या वापरली! डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये ‘फेलओव्हरफ्लो’ या हॅकर गटाने हे दाखवलं. दोन समीकरणं, दोन चलं. एकातून दुसरं वजा करा, एक चल उडतं. संख्या जवळपास ५० अंकी आणि हिशेब घड्याळासारखा फिरून येणारा, एवढाच दहावीपेक्षा फरक. किल्ली हाती आली की कुणीही सोनीच्या नावाने सही ठोकू शकतो.

हॅकरांचा राग लिनक्सवरून होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ३.२१ फर्मवेअरने (कन्सोलच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीने) कन्सोलवर लिनक्स टाकायची सोय काढून घेतली होती. चोरीचे गेम या फुटलेल्या सहीच्या वाटेनेही आत शिरले, हे मात्र नाकारण्यात अर्थ नाही.

जानेवारी २०११ मध्ये जॉर्ज हॉट्झ या हॅकरने एक मूळ किल्ली जाहीर केली, सोनी कोर्टात गेली, एप्रिलमध्ये समझोता जाहीर झाला. ३.६० फर्मवेअरपासून नव्या किल्ल्या आल्या. जुन्या मात्र सरसकट रद्द करता येईनात, कारण घरोघरी गेलेल्या डिस्कवर सोनीची खरी सहीसुद्धा त्यांनीच केलेली होती.