अतिउजवे पक्ष : प्रसिद्धी आणि देशभक्तीची प्रतीके

वंश, रक्त किंवा धर्म यांवरून देशाचे खरे आणि उपरे असे भाग पाडणारे पक्ष मतदारापुढे येतात तेव्हा हातात देशाचा झेंडा असतो. स्वतःची जुनी पुस्तके आणि भाषणे ते घरी ठेवून येतात. त्यांना दोन गोष्टी हव्या असतात. एक म्हणजे सगळ्या देशाला प्रिय असलेली प्रतीके, आणि दुसरी म्हणजे ती घेऊन उभे राहायला वर्तमानपत्र, रेडिओ किंवा दूरचित्रवाणीवरची जागा. अशा पक्षांना ती जागा द्यावी की नाही, आणि दिलीच तर कशी, हा वाद युरोपात निदान पन्नास वर्षे चालू आहे. ब्रिटिश नॅशनल पार्टी (बीएनपी) या पक्षाच्या २००९ सालच्या वाटचालीत या दोन्ही गोष्टी एकाच वर्षात स्पष्ट दिसतात, म्हणून ही नोंद मुख्यतः तिच्याविषयी आहे.

बीएनपीची स्थापना १९८२ मध्ये जॉन टिंडल यांनी केली. नाझी पद्धतीच्या गणवेशातली त्यांची १९६० च्या दशकातली छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. १९९९ मध्ये नेतृत्व निक ग्रिफिन यांच्याकडे गेले. वांशिक द्वेष चिथावल्याबद्दल त्यांना १९९८ मध्ये नऊ महिन्यांची निलंबित शिक्षा झाली होती. ग्रिफिन यांनी पक्षाचा पेहराव बदलला. बूट आणि मुंडण केलेली डोकी मागे गेली, सूट-टाय पुढे आला आणि प्रचारपत्रकांवर दुसऱ्या महायुद्धातली चित्रे झळकू लागली.

२००९ च्या युरोपियन संसदेच्या निवडणुकीसाठी पक्षाने ‘बॅटल फॉर ब्रिटन’ ही मोहीम काढली. १९४० मध्ये जर्मन विमानदळाविरुद्ध झालेल्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ची आठवण व्हावी, हा हेतू उघड होता. पत्रकावर स्पिटफायर विमान झेपावताना दाखवले होते. इंग्रज माणसाच्या मनात या विमानाला जे स्थान आहे ते क्वचितच दुसऱ्या कुठल्या यंत्राला असेल. पण विमानाच्या अंगावर, हवाई दलाच्या गोल चिन्हाशेजारी, ‘आरएफ’ ही अक्षरे स्पष्ट दिसत होती. ती ३०३ क्रमांकाच्या तुकडीची खूण, आणि ३०३ ही पोलिश वैमानिकांची तुकडी! देश जर्मनीने गिळल्यावर हे वैमानिक मजल दरमजल करत ब्रिटनला पोहोचले आणि लंडनच्या पश्चिमेला नॉर्थोल्टच्या तळावरून लढले. १९४० च्या लढाईत त्यांच्याकडे हरिकेन विमाने होती, स्पिटफायर नंतर आली. त्या लढाईत शत्रूची १२६ विमाने पाडल्याचा दावा या तुकडीच्या नावावर आहे. २००४ नंतर ब्रिटनमध्ये कामाला आलेल्या पोलिश लोकांविरुद्ध मते मागणाऱ्या पक्षाच्या पत्रकावर हे विमान होते. अक्षरे ओळखणाऱ्यांनी ती ओळखली आणि बातमी सगळीकडे छापून आली.

मराठी वाचकाचाही या विमानाशी संबंध आहे. १३२ क्रमांकाची स्पिटफायर तुकडी ‘सिटी ऑफ बॉम्बे’ या नावाने ओळखली जात असे. युद्ध संपेपर्यंत भारतीय सैन्यात सुमारे २५ लाख माणसे होती. रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात लढताना मारले गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा शौर्याचा सर्वोच्च ब्रिटिश सन्मान मिळाला आणि माणगावात त्यांचा पुतळा आहे. ‘आपल्या लोकांनी जिंकलेले युद्ध’ असे बीएनपी म्हणे तेव्हा त्या ‘आपल्या’त घाडगे बसत नसत. २०१० पर्यंत पक्षाचे सदस्यत्वच मुळी गोऱ्यांपुरते होते, आणि ते खुले झाले तेही समानता आयोगाने न्यायालयात खेचल्यावर.

इतर प्रतीकांच्या बाबतीतही असेच घडले. युद्धकाळातल्या लाडक्या गायिका व्हेरा लिन यांचे गाणे असलेली सीडी पक्षाने निधीसाठी विकायला काढली, तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या लिन यांनी नाराजी कळवली. माजी सैनिकांसाठी काम करणाऱ्या रॉयल ब्रिटिश लीजनने ग्रिफिन यांना, युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ लावला जाणारा लाल पॉपीच्या फुलाचा बिल्ला राजकारणासाठी वापरू नये अशी आधी खासगीत विनंती केली, मग जाहीर पत्र लिहिले. ऑक्टोबर २००९ मध्ये सर माइक जॅक्सन आणि सर रिचर्ड डॅनट यांच्यासह माजी सेनाधिकाऱ्यांनी सैन्याचे नाव पक्षाने पळवू नये असे पत्रक काढले.

चर्चिल यांची गोष्ट थोडी निराळी. आज चर्चिल असते तर आमच्याच पक्षात असते, असे ग्रिफिन म्हणत. चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स यांना त्याचा संताप होता. आपल्याकडे मात्र चर्चिल म्हटले की १९४३ चा बंगालचा दुष्काळ आणि गांधीजींविषयीची हेटाळणी आठवते. त्यांच्या साम्राज्यवादी वक्तव्यांतून ग्रिफिन यांना हवी ती वाक्ये सापडत होती, हे खोटे नाही. प्रतीक निर्मळ नसले की ते पळवणे सोपे जाते. तरीही हिटलरशी तडजोड नाकारलेल्या माणसाच्या नावाने मते मागणारा नेता ज्यूंच्या संहाराबद्दल वर्षानुवर्षे शंका काढत आला होता, हे विसरता येत नाही.

जून २००९ च्या त्या निवडणुकीत पक्षाला ९ लाख ४३ हजारांहून अधिक, म्हणजे ६.२ टक्के मते पडली आणि दोन जागा मिळाल्या. एक ग्रिफिन यांची, दुसरी अँड्र्यू ब्रॉन्स यांची. त्यानंतर बीबीसीने ग्रिफिन यांना ‘क्वेश्चन टाइम’ या कार्यक्रमाचे निमंत्रण दिले. १९७९ पासून चालत आलेल्या या कार्यक्रमात राजकारणी मंचावर बसतात आणि समोरचे सामान्य लोक प्रश्न विचारतात. मंत्री पीटर हेन यांनी निमंत्रणाला कडाडून विरोध केला. महासंचालक मार्क थॉम्पसन यांचे उत्तर असे, की एखाद्या पक्षाला पडद्यावरून हटवायचे असेल तर तो निर्णय संसदेने घ्यावा, प्रसारकावर ढकलू नये.

२२ ऑक्टोबर २००९ रोजी बीबीसीच्या टेलिव्हिजन सेंटरबाहेर शेकडो निदर्शक जमले आणि काही जण आतही घुसले. मंचावर न्यायमंत्री जॅक स्ट्रॉ, हुजूर पक्षाच्या सईदा वारसी, लिबरल डेमोक्रॅट ख्रिस ह्यून, लेखिका बॉनी ग्रीर आणि ग्रिफिन होते. सूत्रे डेव्हिड डिम्बल्बी यांच्याकडे होती. पहिलाच प्रश्न चर्चिल यांच्या नावाच्या पळवापळवीवर आला. स्ट्रॉ यांनी युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय आणि आशियाई सैनिकांची आठवण दिली. ग्रिफिन यांनी उलट सांगितले, की माझे वडील हवाई दलात होते तेव्हा स्ट्रॉ यांचे वडील लढायला नकार दिल्याबद्दल तुरुंगात होते. देशभक्तीचे प्रतीक चर्चेत कसे काम करते ते इथे दिसते. मुद्द्याचे उत्तर बाजूला राहते आणि कोणाचा बाप लढला यावर गोष्ट येते. ज्यूंच्या संहाराविषयी मत का बदलले, असे डिम्बल्बी यांनी विचारताच, युरोपियन कायद्यामुळे ते सांगता येत नाही, असे ग्रिफिन म्हणाले. असा कोणताही कायदा नाही, असे न्यायमंत्र्यांनी तिथेच सुनावले.

सुमारे ८० लाख लोकांनी हा कार्यक्रम पाहिला, नेहमीच्या जवळपास तिप्पट. ग्रिफिन यांची फजिती झाली यावर बहुतेकांचे एकमत होते. पण संपूर्ण कार्यक्रम एकाच माणसाभोवती फिरल्याने त्याला झुंडीने घेरल्याचा कांगावाही करता आला. २०१० च्या सार्वत्रिक निवडणुकीत पक्षाला एकही जागा मिळाली नाही, लंडनच्या बार्किंग मतदारसंघात ग्रिफिन तिसरे आले आणि तिथल्या स्थानिक परिषदेतल्या पक्षाच्या बाराच्या बारा जागा गेल्या. तरी देशभरची मते ५ लाख ६३ हजार होती, २००५ च्या जवळपास तिप्पट. त्यामुळे एका कार्यक्रमाने पक्ष संपवला हे म्हणणे टिकत नाही, आणि त्याने पक्ष वाढवला हेही सिद्ध होत नाही. बार्किंगमध्ये कार्यकर्त्यांनी महिनोन्‌महिने दारोदार फिरून जे केले त्याचे श्रेय स्टुडिओला देणे हा त्यांच्यावर अन्याय ठरेल.

फ्रान्समध्ये पडद्याचा परिणाम जास्त ठळक होता. आपल्याला दूरचित्रवाणीवर जागा मिळत नाही अशी तक्रार नॅशनल फ्रंटचे जाँ-मारी ल पेन यांनी १९८२ मध्ये राष्ट्राध्यक्ष मितराँ यांच्याकडे केली आणि मितराँ यांनी तिची दखल घेतली. १३ फेब्रुवारी १९८४ च्या मुलाखतीत ल पेन मध्येच उभे राहिले आणि साम्यवादी राजवटींच्या बळींसाठी त्यांनी थेट प्रक्षेपणात शांतता पाळली. त्याच जूनमध्ये पक्षाला जवळपास ११ टक्के मते आणि युरोपियन संसदेत १० जागा मिळाल्या. पॅरिसमधल्या जोन ऑफ आर्कच्या सोनेरी पुतळ्याशी पक्षाचा दरवर्षी मेळावा भरत असे. परकीयांना हाकलणारी वीरांगना म्हणून तिला पुढे करणाऱ्या या पक्षाच्या १९७२ च्या संस्थापकांत हिटलरच्या एसएस दलात लढलेले पिएर बुस्के होते, आणि तेच पहिले खजिनदार.

बेल्जियमच्या फ्रेंच भाषक प्रसारकांनी १९९१ पासून वेगळी वाट धरली. अतिउजव्या नेत्याला थेट प्रक्षेपणात बोलायला बसवायचे नाही. त्याचे म्हणणे पत्रकाराने आधी तपासून, संदर्भासह दाखवायचे. बातमी दडपली जात नाही, फक्त ध्वनिक्षेपक मोकळा सोडला जात नाही. डच भाषक फ्लेमिश भागात हा नियम नाही. २०२४ मध्ये तिथे अतिउजव्या व्लाम्स बेलांग पक्षाला संघीय संसदेत २० जागा मिळाल्या. फ्रेंच भाषक वालोनियात अतिउजव्यांना एकही मिळाली नाही. दोन्ही भागांचे राजकारण इतर बाबतींतही भिन्न आहे, तरी माझ्या मते उपलब्ध मार्गांपैकी फ्रेंच भाषक प्रसारकांचा हा मार्ग सर्वांत विचारी. आयर्लंडच्या शिन फेनसारख्या संघटनांवर ब्रिटनने १९८८ ते १९९४ घातलेली आवाजबंदी याच्या अगदी उलट होती. तिथे नेत्याचा चेहरा दिसे, ओठ हलत आणि आवाज मात्र नटाचा येई.

आता जागा देणारा संपादकच मध्ये नसतो. बीएनपीतून फुटलेल्यांनी २०११ मध्ये ‘ब्रिटन फर्स्ट’ काढला. त्याच्या फेसबुक पानावर पॉपीची फुले, जखमी सैनिक आणि छळ झालेली जनावरे यांची चित्रे येत, आणि ती पक्ष कोणता हे न पाहता हजारो जण पुढे पाठवत. फेसबुकने मार्च २०१८ मध्ये ते पान काढून टाकले, तेव्हा त्याला पसंती देणारे २० लाखांहून अधिक होते.