फाइल बदलली की पान का हलते?

एका संगणकावर नीट बसवलेले पान दुसऱ्या संगणकावर उघडले की समास सरकतात, तक्ता पुढच्या पानावर जातो, शेवटच्या पानावर एकच ओळ उरते. आपलेच काही चुकले असे समजून लोक पुन्हा स्पेसबार दाबत बसतात, आणि ते पाहून मला वाईट वाटते. बहुतेक वेळा त्यांचे काहीच चुकलेले नसते. वर्ड प्रोसेसरच्या, म्हणजे मजकूर लिहून पानावर मांडणाऱ्या प्रोग्रॅमच्या, फाइलमध्ये मुळात पान नसतेच. असतो तो मजकूर आणि पान कसे आखायचे याच्या सूचना. फाइल उघडली की त्या सूचना वाचून पान दर वेळी नव्याने बांधले जाते.

१९७८ साली आलेल्या वर्डस्टार या वर्ड प्रोसेसरमध्ये ही गोष्ट डोळ्यांना दिसत असे. पानाची लांबी, वरचा समास, नवे पान हे सारे टिंबाने सुरू होणाऱ्या आज्ञांनी मजकुरातच लिहावे लागे. आज्ञा पडद्यावर दिसत, कागदावर उमटत नसत. दुसरी वाट झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत १९७४ मध्येच सापडली होती. तिथल्या 'ब्राव्हो' या वर्ड प्रोसेसरमध्ये जे छापायचे तेच पडद्यावर दिसे. ब्राव्होवर काम केलेले चार्ल्स सिमोनी १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३ मध्ये वर्ड आला. पुढे सूचना पडद्याआड गेल्या. सोय झाली खरी, पण समोर दिसते ते पान पक्के आहे असा समजही तिथूनच रुजला.

कागदाचा मुद्दा त्याहून जुना. ए४चे माप जर्मनीत १९२२ मध्ये प्रमाण ठरले: २१० बाय २९७ मिलिमीटर. अमेरिकेत चालणारा 'लेटर' साधारण २१६ बाय २७९. म्हणजे ए४ सहा मिलिमीटर अरुंद, अठरा मिलिमीटर उंच. कागद बदलला की ओळी वेगळ्या ठिकाणी तुटणारच. फाइलमधला फाँट त्या संगणकावर नसेल तर बदली फाँट येतो. त्याच्या अक्षरांची रुंदी निराळी असते, आणि ओळी पुन्हा हलतात.

वर्डच्या जुन्या 'डॉक' फाइलची बायनरी, म्हणजे माणसाला थेट वाचता न येणारी, रचना इतर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना कित्येक वर्षे अंदाजाने उलगडावी लागली. म्हणून खुल्या, म्हणजे रचना सर्वांना जाहीर असलेल्या, स्वरूपाचा आग्रह धरणाऱ्यांचे ऋण मी मानतो. ओडीएफ हे असे एक खुले फाइल-स्वरूप २००६ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचे मानक झाले. वर्डच्या नव्या 'डॉकएक्स' फाइलमागचे ओपन एक्सएमएल २००८ मध्ये. डॉकएक्स म्हणजे खरे तर झिप करून एकत्र बांधलेल्या एक्सएमएल फाइली, म्हणजे खुणा घातलेला साधा मजकूर. सूचना आता कुणालाही वाचता येतात. तरी दोन प्रोग्रॅम त्या अगदी सारख्या पाळतीलच असे नाही.

पीडीएफने, १९९३ मध्ये, उलटा मार्ग धरला. कोणते अक्षर पानावर नेमके कुठे बसते, तेच तिथे नोंदवले जाते. त्यामुळे पान हलत नाही. पण बहुतेक पीडीएफमध्ये परिच्छेद कुठे संपला, तक्ता कुठे सुरू झाला याची नोंद नसते. पीडीएफचा पुन्हा वर्ड करताना प्रोग्रॅमला हे सगळे अक्षरांच्या जागांवरून ताडावे लागते, आणि अंदाज चुकला की ओळीओळीच्या शेवटी एंटर पडलेला सापडतो.