कवकांतील समानार्थी कोडॉन आणि प्रथिनाची घडी

प्रथिन म्हणजे ॲमिनो आम्लांची साखळी, आणि कोडॉन म्हणजे जनुकाच्या संदेशातील एक ॲमिनो आम्ल सांगणारा तीन अक्षरांचा शब्द. एकाच ॲमिनो आम्लासाठी असलेल्या पर्यायी कोडॉनांना समानार्थी कोडॉन म्हणतात. ॲमिनो आम्ल सांगणारे अर्थपूर्ण कोडॉन ६१ आणि ॲमिनो आम्ले २०. त्यामुळे ल्यूसिनच्या वाट्याला सहा कोडॉन येतात, तर मेथिओनिन व ट्रिप्टोफॅनला एकेकच. कोडॉनांच्या अदलाबदलीने प्रथिनातील आम्लांचा क्रम तसूभरही हलत नाही. तरीही प्रथिनाचे काम बिघडू शकते, आणि याचा एक भक्कम पुरावा कवकांतून आला.

न्यूरोस्पोरा क्रासा या बुरशीला तिसऱ्या जागी सी किंवा जी हे अक्षर असलेले कोडॉन मानवतात. तिच्या जैविक घड्याळातील ‘फ्रिक्वेन्सी’ प्रथिनाच्या जनुकात मात्र न मानवणारे कोडॉन बरेच आहेत. हे कोडॉन बदलून पसंतीचे घातले, तेव्हा प्रथिन जास्त तयार झाले. पण दर सुमारे २२ तासांनी बीजाणू धरण्याची तिची लय नाहीशी झाली (२०१३). नव्या प्रथिनावर फॉस्फेट चढण्याची रीत बदलली होती, त्याचा टिकाऊपणाही बदलला होता. क्रम तोच, प्रमाण वाढलेले आणि घड्याळ बंद! विशेष म्हणजे या प्रथिनाचा बराच भाग मुळात ठाम घडी, म्हणजे साखळी दुमडून येणारा ठरावीक आकार, नसलेला असतो.

याचे कारण भाषांतराच्या, म्हणजे संदेश वाचून प्रथिन जोडण्याच्या, वेगात आहे. पसंतीच्या कोडॉनावर रायबोसोम हे प्रथिन जोडणारे यंत्र भरभर सरकतो, इतरांवर रेंगाळतो. साखळी पूर्ण होण्याआधीच, रायबोसोमच्या बोगद्यातून बाहेर आलेल्या भागाची घडी पडू लागते. वेग बदलला की ती वेगळ्या क्रमाने पडू शकते. न्यूरोस्पोराच्या पेशीविरहित अर्कात ल्यूसिफरेज हे प्रकाश देणारे प्रथिन तयार करून हा परिणाम थेट दाखवता आला.

मात्र प्रत्येक परिणाम घडीच्या माथी मारता येत नाही. किण्वात (यीस्ट, सॅकॅरोमायसीस) सावकाश वाचल्या जाणाऱ्या कोडॉनांचा संदेशवाही आरएनए (जनुकाचा संदेश रायबोसोमपर्यंत नेणारी प्रत) लवकर नष्ट होतो, तर न्यूरोस्पोरात कोडॉननिवडीचा परिणाम जनुकाच्या प्रतिलेखनावरही, म्हणजे ही प्रत बनण्यावरही, होतो. म्हणून प्रथिन किती आहे आणि कसे आहे, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते. परके जनुक कवकात घालताना सरसकट सगळे कोडॉन ‘सुधारणे’ त्यामुळेच धोक्याचे ठरते.

कॅन्डिडा अल्बिकन्स या किण्वामध्ये तर समानार्थाची यादीच वेगळी आहे: इतरत्र ल्यूसिन देणारा सीयूजी कोडॉन तिथे बहुतांशी सेरिन देतो. या किण्वात हिरवे प्रतिदीप्त प्रथिन चमकवण्यासाठी त्याच्या जनुकातला तो कोडॉन आधी बदलावा लागला.