आधी अर्थ लिहून घ्या

सहावी ते आठवीच्या मराठीच्या तासाला एक वाक्य हमखास कानी पडतं : "आधी कवितेचा अर्थ लिहून घ्या." फळ्यावर अर्थ, वहीत अर्थ, परीक्षेतही तोच अर्थ. या सवयीचा माग काढत गेलं तर आपण थेट १८५४ सालात पोचतो.

त्या वर्षी परशुरामतात्या गोडबोले यांनी संपादित केलेलं, जुन्या कवितांच्या वेच्यांचं 'नवनीत' हे पुस्तक आलं. कीर्तनातून कानावर पडणारे मोरोपंत, वामनपंडित छापील वेच्यांच्या रूपात शाळेत दाखल झाले. मोरोपंतांची आर्या वृत्तातली कविता पोराला एका वाचनात उमगणारी नव्हेच. म्हणून अन्वय लावायचा, कठीण शब्द सोडवायचे, मग सगळं सरळ गद्यात मांडायचं. त्या कवितेला ती रीत रास्तच होती. पुढे आर्या मागे पडली, साध्या बोलीतली कविता पुस्तकात आली, तरी अर्थ लिहून देणं काही थांबलं नाही.

निबंधाचंही असंच. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' हे मासिक सुरू केलं, ते जाणत्या वाचकांशी वाद घालायला. शाळेत मात्र निबंध म्हणजे मुद्दे आणि सुविचार. बारा वर्षांच्या मुलाने 'वेळेचे महत्त्व' पटवून द्यायचं. कुणाला, ते विचारायचं नाही!

१९३०च्या दशकात अत्र्यांनी 'नवयुग वाचनमाला' काढली. लंडनला जाऊन अध्यापनाचं शिक्षण घेतलेला हा माणूस मुळात हाडाचा शिक्षक. आईच्या नावाने बिल लिहिणारा दिनू पुस्तकात आला आणि त्याचा अर्थ कुणी लिहून द्यायची गरज उरली नाही.

पण मुलांनी स्वतः लिहायचं कधी? याचं उत्तर मला वर्गापेक्षा वसतिगृहात सापडतं. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. तिथल्या छात्रालयात ते हाताने लिहून काढलेलं दैनिक चालवत. रोज ताजा मजकूर, आणि वाचणारी मुलं त्याच छपराखालची. लिहिलेलं कुणीतरी खरोखर वाचतं, हे मुलांना रोज डोळ्यांनी दिसत होतं. शाळाशाळांतली हस्तलिखितं याच जातकुळीची.

१९६७ साली 'बालभारती' स्थापन झाली आणि १९७१च्या नोव्हेंबरात तिचं 'किशोर' मासिक निघालं. कोल्हापुरात १९८५ साली लीलाताई पाटलांनी 'सृजन आनंद' शाळा सुरू केली. तिथे मुलांच्या अनुभवातून लिहिणं हा शाळेच्या रोजच्या कामाचाच भाग होता.

मग २०१८मध्ये दहावीचं नवं पुस्तक आलं, आणि त्याच सुमारास प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका. स्वमत, अभिव्यक्ती, रसग्रहण यांना गुण मिळू लागले. हेतू घोकंपट्टी मोडण्याचाच. रसग्रहणासाठी आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे तीन मुद्दे ठरले. दहावीचं वारं आठवीच्या वर्गात यायला वेळ लागत नाही. वर्षभरात त्या तीन मुद्द्यांखालची वाक्यंही वहीत तयार.

'यमक साधल्यामुळे कवितेला सुंदर नाद प्राप्त झाला आहे,' हे त्यातलं सर्वांत लाडकं वाक्य. परवा ते मला मुक्तछंदातल्या एका कवितेखाली भेटलं. अक्षर वळणदार, शब्दाखाली पट्टीने ओढलेली रेघ. लाल पेन हातात घेऊन मी जरा थांबलो, कारण मागच्या वर्षी हे वाक्य फळ्यावर मीच लिहून दिलं होतं.