भाजलेल्या जखमेसाठी जंतुरोधक पट्टी : ग्राहकांसाठी माहिती

लातूर, नांदेड, परभणी भागातील जे दवाखाने आणि औषध दुकाने आमच्याकडून निर्जंतुक गॉज व बँडेज घेतात, त्यांच्याकडून भाजलेल्या जखमेला न चिकटणाऱ्या जंतुरोधक पट्टीची विचारणा होत असते. अशी पट्टी आम्ही विकसित करीत आहोत.

भाजल्यावर त्वचेचे संरक्षण जाते आणि मृत त्वचा व पाझरणारा स्राव यांत जंतू झपाट्याने वाढतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि स्यूडोमोनास हे त्यांतील प्रमुख होत. १९६८ पासून परिचित असलेले सिल्व्हर सल्फाडायझिन मलम त्यांना आवर घालते, परंतु ते बहुधा रोज धुऊन पुन्हा लावावे लागते, आणि वाळून बसलेले गॉज ओढताना नुकती धरू लागलेली कोवळी त्वचाही निघून येते. तांड्यावरून तालुक्याला येणाऱ्या कुटुंबाची तर रोजच्या मलमपट्टीपायी मजुरी बुडते. म्हणून पट्टी काही दिवस जागेवर टिकणे हे आम्ही जंतू मारण्याइतकेच महत्त्वाचे मानतो.

पट्टीत कोळंबीच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसानचा ओलसर थर आणि चांदीचे सूक्ष्म कण आहेत. या कणांतून सुटणारे चांदीचे आयन (विद्युतभारित अणू) जंतूंच्या प्रथिनांना चिकटून त्यांचे कार्य बंद पाडतात. चाचणीसाठी जंतू पेरलेल्या आगरच्या (जंतू वाढवण्यासाठीच्या जेलीच्या) बशीत पट्टीचा गोल तुकडा ठेवून ती रात्रभर ३७ अंश सेल्सिअसला ठेवली जाते. सकाळी जंतूंच्या धूसर थरात तुकड्याभोवती स्वच्छ कडे दिसते, म्हणजे तेथे जंतू वाढलेले नसतात. मात्र कडे जितके रुंद तितकी पट्टी चांगली, असे आम्ही मानत नाही. प्रत्यक्ष जखमेत स्रावातील प्रथिने व क्लोराइड बरीच चांदी अडवतात, आणि चांदी एकदम जास्त सुटली तर नव्या त्वचेच्या पेशींनाही अपाय होतो. ती हळूहळू सुटावी, यावरच आमची सर्वाधिक मेहनत चालू आहे.

वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ नुसार परवाना मिळेपर्यंत ही पट्टी विक्रीस येणार नाही. पुढेही कोळंबी-खेकड्याची किंवा चांदीची ॲलर्जी असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे.

पट्टी कोणतीही असो, भाजल्याबरोबर जखमेवर २० मिनिटे वाहते गार पाणी सोडावे. उन्हाळ्यात नळ कोरडा असेल तर रांजणातील स्वच्छ पाणी तांब्याने संथपणे ओतत राहावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद किंवा शाई लावू नये. चेहरा, हात किंवा सांधा भाजला असेल, विजेने भाजले असेल किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर थेट रुग्णालय गाठावे.