साखर सोडली म्हणजे मधुमेह टळला, असं नाही

"मी गोड खातच नाही, मला कशाला मधुमेह होईल?" या समजापायी कितीतरी माणसं गाफील राहतात. टाइप २ मधुमेहाचं मूळ एकट्या साखरेत नसतं. गरजेपेक्षा जास्त खाणं आणि बैठं काम यांमुळे पोटात, यकृतात चरबी साठते. मग रक्तातली साखर पेशींत पोचवणारं इन्सुलिन असूनही पेशी त्याला नीट दाद देत नाहीत. आनुवंशिकताही असतेच. स्वादुपिंड जादा इन्सुलिन बनवून काही वर्षं निभावून नेतं, ते थकलं की रक्तातली साखर चढते.

साखर निर्दोष आहे, असंही नाही. गोड शीतपेयं रोज पिणाऱ्यांना धोका जास्तच.

मग टळतो कशाने? अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. बेताचा, कमी चरबीचा आहार, ७ टक्के वजन घटवण्याचं उद्दिष्ट आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, एवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने घटलं ते ३१ टक्क्यांनी!

घरात कुणाला मधुमेह असेल, तर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी) तपासून घ्या. आकडा ५.७ ते ६.४ टक्क्यांमध्ये, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर आला, तरी मागे फिरायला वेळ असतो.